वादी शाबचं देणं

ओमानने मला पगार दिला. त्या पगारातून घरचं कर्ज फिटलं, धाकट्या बहिणीचं लग्न झालं, पडकं घर उभं राहिलं. त्या देशाबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहेच. पण ओमानमधल्या एका दरीचं माझ्यावर वेगळं ऋण आहे. तिचं नाव वादी शाब. मस्कतहून सूरकडे जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्यावर, तिवी गावाजवळ ही दरी समुद्राला मिळते. आत चालत गेलं की हिरवे डोह लागतात आणि शेवटी गुहेत कोसळणारा धबधबा. सुट्टीच्या दिवशी तिथे चालायला, पोहायला माणसांची रीघ लागते. मीही तसाच फिरायला म्हणून गेलो होतो. माझ्या गावची नदी, तिच्यावरचा बंधारा आणि त्यातून निघणारा पाट यांच्याकडे आज मी ज्या समजुतीने पाहतो, ती समजूत मला त्या दरीत मिळाली. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

मी बागलाणातला, मोसम नदीच्या काठचा. आमचं थोडं डाळिंब होतं, थोडा कांदा. माझ्या कळत्या वयात गावात पाण्याचा एकच मार्ग दिसत होता, तो म्हणजे खाली जाण्याचा. विहीर आटली की आडवे बोअर, मग उभे बोअर, मग आणखी खोल. आमच्या काळ्या कातळात पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठतं. भेग लागली तर पाणी, नाही तर नुसती धूळ. आमच्या वाट्याला बहुतेक वेळा धूळ आली. त्यातच डाळिंबावर तेल्या पडला. बाग उपटावी लागली आणि बँकेचा हप्ता मात्र राहिला. 2009 साली ओळखीतून मस्कतच्या गाला भागातल्या एका कंपनीत स्टोअरकीपरचं काम मिळालं आणि मी निघालो. निघताना मनात पाण्याविषयी राग होता. ज्या गोष्टीने आपल्याला एवढं छळलं, तिच्याशी आता संबंध नको, असं वाटत होतं.

गाला म्हणजे गॅरेजं, गोदामं, सुट्या भागांची दुकानं आणि कामगारांच्या खोल्या. मागे उघडे, तपकिरी, झाडाचं पान नसलेले डोंगर. त्या डोंगरांतून एक कोरडी वादी उतरते. वादी म्हणजे पावसापुरतं वाहणारं नदीचं पात्र. आम्ही कामावर जाताना ते पात्र ओलांडायचो आणि त्यात नुसते गोटे दिसायचे. मस्कतला वर्षभरात सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्याकडे एखाद्या बऱ्या आठवड्यात तेवढा होतो. नळाला येणारं पाणी समुद्राचं, मीठ काढून गोड केलेलं. शेजारच्या गुब्र्यात 1976 पासून त्याचा कारखाना चालू होता. ज्यांच्याकडे नळ नाही त्यांच्याकडे टँकर. मी मनाशी ठरवून टाकलं की या देशात पाणी म्हणजे यंत्रातून निघणारी वस्तू आहे आणि शेतकरी म्हणून इथे शिकण्यासारखं काही नाही. माझं अज्ञान किती मोठं होतं ते पुढे कळलं.

शुक्रवारची सुट्टी असायची. एका हिवाळ्यात खोलीतल्या मंडळींनी मिळून एक छोटी बस ठरवली. त्यांत केरळचे होते, तेलंगणाचे होते, चालक पेशावरकडचा. गालाहून वादी शाब साधारण दीडशे किलोमीटर. कुरियात मागे पडलं की एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला पांढुरका चुनखडीचा डोंगर सुरू होतो. वाटेत बिम्मा गावाजवळ जमीन खचून झालेला मोठा खड्डा आहे, तळाशी निळंहिरवं पाणी. तिथे सगळे उतरले, फोटो काढले. मला त्याचं विशेष काही वाटलं नाही.

वादी शाबच्या मुखावरून महामार्गाचा उंच पूल गेला आहे. त्या पुलाखालून एक लहान होडी माणसांना पलीकडे सोडते. पलीकडे उतरल्यावर पायवाट लागते आणि थोड्याच अंतरावर खजुराची झाडं, केळी, आंबा, लिंबू दिसायला लागतात. दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे आणि मध्ये ही बाग. त्या बागेच्या कडेने, कधी कड्याला बिलगून, कधी खडकात कोरून, एक हातभर रुंदीचा पाट वाहत होता. स्वच्छ, न थांबणारं पाणी. आमच्यातले बाकीचे पुढे निघून गेले. मी त्या पाटाच्या कडेने चालत राहिलो. शेतकऱ्याच्या पोराचे पाय पाट दिसला की आपोआप त्याच्या बाजूने वळतात.

पाऊण तास चालून गेलं की डोह लागतात. धबधब्यापर्यंत पोचायचं तर पुढे पोहतच जावं लागतं. मला पोहता येत नव्हतं. आमच्या नदीला पोहण्याइतकं पाणी माझ्या लहानपणी क्वचितच असायचं. सगळे पाण्यात उतरले आणि मी परत फिरून बागेपाशी येऊन बसलो.

तिथे एक म्हातारा ओमानी शेतकरी पाटाच्या तोंडाशी वाकून काम करत होता. सोबतीला एक बांगलादेशी गडी. म्हाताऱ्याने दगड आणि चिंध्यांचा बोळा काढला, पाणी एका वाफ्याकडे वळलं, आणि मग तो मनगटावरचं घड्याळ बघत उभा राहिला. मी सलाम केला. त्याने हिंदीत उत्तर दिलं. त्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हिंदी येते. सूरची गलबतं मुंबईला खजूर घेऊन जायची आणि मलबारातून लाकूड घेऊन यायची. हा म्हातारा लहानपणी बापाबरोबर मुंबईला आला होता. सूरमध्ये 1951 साली बांधलेलं ‘फतह अल-खैर’ नावाचं जुनं गलबत आजही जपून ठेवलं आहे; तसल्याच एका गलबतातून आलो होतो, असं तो सांगत होता.

मी विचारलं, “चाचा, घड्याळ कशाला बघता?”

तो म्हणाला, “माझी पाळी दीड तासाची. त्यानंतर पाणी शेजाऱ्याचं. माझा बाप दिवसा सावली बघायचा, रात्री तारे बघायचा. मी घड्याळ बघतो.”

मग त्याने मला विचारलं, “तू शेतकरी दिसतोस. तुमच्याकडे पाणी कोण वाटतं, भाई?”

मला उत्तर देता आलं नाही. आमच्याकडे पाणी कुणी वाटत नव्हतं. ज्याचा बोअर खोल त्याचं पाणी, आणि मोटार ज्याची मोठी तो पुढे. धरणाचं आवर्तन सुटलं तर ते कधी सुटलं हे वर्तमानपत्रात वाचायचं. मी काहीतरी पुटपुटलो. म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं नाही. गड्याकरवी खजूर आणि कहवा मागवला आणि मला शेजारी बसवून घेतलं. तो प्रश्न मात्र मी गालाच्या खोलीत घेऊन आलो.

पुढच्या शुक्रवारी घरी फोन लावला तेव्हा नाना, म्हणजे माझे थोरले चुलते, फोनवर होते. मी विचारलं, “नाना, आपल्याकडे पूर्वी पाणी कोण वाटायचं?” ते क्षणभर गप्प झाले. मग अहिराणीत म्हणाले, “तुले आज कसं काय आठवनं?” आणि बोलत राहिले. बोलण्याचे पैसे मिनिटामिनिटाला कापले जात होते, पण मी त्यांना थांबवलं नाही.

नानांनी मला फड सांगितला. तो माझ्याच गावाचा होता आणि मला त्याचं फक्त नाव माहीत होतं. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठी तीनचारशे वर्षांपासून ही पद्धत चालत आली. नदीला आडवा दगडी बंधारा, त्याच्या बाजूने निघालेला पाट, पाटाला चाऱ्या, जास्तीचं पाणी पुन्हा नदीला सोडायला सांडवा. भिजणाऱ्या जमिनीचे मोठे तुकडे पाडलेले, प्रत्येक तुकडा म्हणजे एक फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक, मग तो ऊस असो की भुसार. प्रत्येक घराची पट्टी वेगवेगळ्या फडांत विभागलेली. पाणी कमी पडलं तर सगळे मिळून ठरवायचे की यंदा अमुक फड भिजवायचा नाही. पट्ट्या सर्वांच्या असल्याने तोटाही सर्वांना सारखा बसायचा. पाणी देण्याचं काम पाटकऱ्याचं. पिकाची राखण जागल्याची. शेतकऱ्याने स्वतः बारं, म्हणजे शेताकडे पाणी सोडणारं तोंड, फोडायचं नाही, पाटकरीच फोडणार. त्यांना मोबदला धान्यात.

“आपली डाळिंबाची जागा आठवते?” नानांनी विचारलं. “ती फडातली पट्टी होती. पाटस्थळ, पाटाच्या पाण्यावर भिजणारी जमीन.”

ज्या जमिनीत आम्ही बोअर मारत बसलो होतो, तिच्या बांधाला लागून पाटाची जुनी चारी होती. मी लहानपणी त्या चारीतून उड्या मारत शाळेत गेलो होतो. ती नाल्यासारखी बुजत चालली होती आणि ती काय आहे हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. वरच्या अंगाला हरणबारी धरण झालं, विजेच्या मोटारी आल्या, नगदी पिकं आली, आणि फडाची शिस्त हळूहळू सैल झाली. यात दोष कुणा एकाचा नाही. पण माझ्या पिढीने जे गेलं त्याची साधी चौकशीही केली नाही. ती चौकशी करायला मला परक्या देशातल्या एका म्हाताऱ्याने भाग पाडलं.

त्यानंतर मी ओमानच्या पाण्याकडे विद्यार्थ्यासारखा बघू लागलो. त्या पाटाला तिथे फलज म्हणतात, अनेक असले की अफलाज. काही फलज जमिनीखालून बोगद्याने कित्येक किलोमीटर लांबून पाणी आणतात, काही झऱ्यातून निघतात, आणि काही वादीचं वाहतं पाणी वळवून घेतात. देशात असे तीन हजारांच्या आसपास पाट अजून चालू आहेत. 2006 साली युनेस्कोने त्यांतल्या पाचांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. निझव्याचा फलज दारिस त्यातला एक. सूरच्या विलायतीतला, म्हणजे तालुक्यातला, अल-जीला दुसरा. निझव्याला गेलो तेव्हा दारिसच्या काठावर लोक पाय सोडून बसले होते. तिथे मला कळलं की पाण्याची वेळ ‘अथर’मध्ये मोजतात, एक अथर म्हणजे साधारण अर्धा तास. वाटप बघणारा माणूस ‘अरीफ’. त्याच्यावर ‘वकील’, म्हणजे सगळ्या फलजचा कारभारी. पाटाचं पाणी आधी पिण्यासाठी, मग मशिदीसाठी आणि अंघोळीसाठी, आणि त्यानंतर शेतीला. डागडुजीच्या खर्चासाठी काही पाळ्या लिलावात विकतात. अरीफचं काम ऐकताना मला नानांचा पाटकरी दिसत होता. दोन समाजांनी एकमेकांना न विचारता एकाच अडचणीवर जवळजवळ एकच उत्तर शोधलं होतं. पाणी थोडं असेल तर ते माणसाच्या ताकदीवर सोडायचं नाही, वेळेवर सोडायचं.

दरीने मला पुढची गोष्ट शिकवली ती पाण्यात उतरल्यावर. आमच्या खोलीतला अलप्पुळाचा एक सहकारी होडीच्या गावात वाढलेला. त्याने मला अझैबाच्या किनाऱ्यावर पोहायला शिकवलं. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात, संध्याकाळी काम सुटल्यावर. भीती जायला बराच काळ लागला. त्याने कधी घाई केली नाही. त्याचंही ऋण या लेखात नोंदवायला हवं.

मग पुन्हा वादी शाब. पहिला डोह, मधले गोटे, दुसरा डोह, तिसरा. शेवटी कडे इतके जवळ येतात की पाण्याच्या वर जेमतेम डोक्याएवढी फट राहते. मान वर धरून त्या फटीतून सरकायचं. आत एकदम मोकळी गुहा, वरून येणारा उजेड, आणि खडकावरून कोसळणारं पाणी. 2012 मध्ये उंच कड्यावरून सूर मारण्याच्या जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी या दरीत झाली, तेव्हा कुठकुठल्या देशांतून माणसं इथे आली. त्यांनी दरीचं सौंदर्य पाहिलं, ते पाहण्यासारखंच आहे. मी मात्र तिथे, लाइफ जॅकेट घालून पाण्यात तरंगत, वेगळाच हिशेब जुळवत होतो. वर सल्माचं चुनखडीचं पठार आहे. तिथे कधीतरी पडलेला पाऊस खडकात मुरतो, आतल्या पोकळ्यांतून वाट काढतो आणि खाली झऱ्यांनी बाहेर येतो. हेच पाणी डोहाडोहांतून उतरत त्या म्हाताऱ्याच्या पाटाच्या तोंडाशी जातं. आम्ही सगळे लांबून जो धबधबा बघायला येत होतो, तो खालच्या बागेचा उगम होता. डोहात आम्ही काय टाकतो, काठावर काय सोडून जातो, ते खालच्या केळीला पोचत होतं. त्या दिवसापासून फिरायला जाणं आणि शेती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला वाटेनासं झालं. परतताना आमच्या मंडळींचे चिप्सचे पुडे आणि बाटल्या आम्ही पिशवीत भरून आणल्या. कुणी तसं सांगितलं नव्हतं. सगळ्यांनाच ते पटलं.

दरीने मला एकदा परतही पाठवलं, आणि तो धडा मी सर्वांत जास्त जपला आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी आम्ही गेलो होतो. डोक्यावर लख्ख ऊन, समुद्र शांत. होडीवाला मात्र कुणालाच पलीकडे सोडायला तयार नव्हता. त्याने डोंगराच्या दिशेला बोट दाखवलं. माथ्याच्या मागे ढगाची एक काळी कड दिसत होती, एवढंच. आमच्यातले काही जण वैतागले. इतक्या लांबून आलो होतो. आम्ही रस्त्याच्या कडेला डबे उघडून जेवत बसलो. दुपारनंतर पुलाखालचं पाणी पाहता पाहता गढूळ झालं, मग फोफावलं, आणि खजुराच्या झावळ्या, फांद्या, लाकडं घेऊन समुद्राकडे धावू लागलं. आम्ही होतो त्या ठिकाणी पावसाचा एक थेंबही पडला नव्हता. तिथल्या उघड्या डोंगरांवर पाणी धरून ठेवणारी माती नाही, झाडं नाहीत. वर जोराने पडलेला पाऊस थेट दरीत उतरतो, आणि अरुंद दरीत त्याला पसरायला जागा नसते. गालातले जुने लोक 2007 च्या जूनमधल्या गोनू वादळाबद्दल सांगायचे, कोरड्या वाद्यांतून शहरात पाणी कसं घुसलं, रस्ते कसे वाहून गेले, माणसं कशी गेली. ते ऐकताना मला त्या गोट्यांच्या पात्रांमधून पाणी येणं खरं वाटत नसे. त्या दुपारनंतर वाटू लागलं. पावसाळ्यात आपल्याकडे धबधब्यांवर आणि कुंडांवर तरुण मुलं जातात आणि परत येत नाहीत, अशी बातमी वाचली की मला तो होडीवाला आठवतो. वरच्या डोंगरात काय चाललं आहे ते स्थानिक माणसाला कळतं, आणि त्याने नको म्हटलं तर थांबावं. एवढं साधं ऐकण्याची वृत्ती माझ्यात आली ती त्याच्यामुळे.

मी नंतर त्या म्हाताऱ्याला पुष्कळदा भेटलो. नानांनी सांगितलेला फड मी त्याला समजावून सांगितला. त्याला फार आनंद झाला. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ही गोष्ट त्याने पुन्हा पुन्हा विचारून घेतली. त्याची मुलं मस्कतला नोकरीला होती. पाळीच्या वेळी पाटावर उभं राहायला आता गावात माणूस कमी पडतो, असं तो म्हणायचा. त्याचं दुःख आणि नानांचं दुःख एकच होतं.

नोकरी संपवून मी गावी परतलो. फड पुन्हा उभा केला, असं काही मी केलेलं नाही आणि एका माणसाने ते होणारही नाही. आमच्याकडच्या काही बंधाऱ्यांतून अजून पाणी वळतं, काही मोडून पडले आहेत. जिथे पाट जिवंत आहे तिथे पावसाळा संपला की गाळ काढायचा दिवस ठरतो, आणि त्या दिवशी फावडं घेऊन मीही जातो. आमच्या बुजलेल्या चारीतला आमच्या बांधापुरता भाग मोकळा केला आहे. आवर्तनाचं पाणी आलं की ते तिथून पुढच्या शेतात जातं. आम्ही नवीन बोअर घेतला नाही. पीक पाण्याच्या बेताने घेतो.

एक काम मात्र मन लावून केलं. नाना होते तोवर त्यांच्याजवळ बसून, आणि गावातल्या जुन्या पाटकऱ्यांच्या घरी जाऊन, फडाची सगळी माहिती वहीत उतरवली. कोणत्या चारीवर कुणाच्या पट्ट्या, पाणी कोणत्या क्रमाने द्यायचं, टंचाईत कोणता फड आधी सोडायचा, सांडवा केव्हा उघडायचा. ती वही आता पाट सांभाळणाऱ्या मंडळींकडे असते. पाळीवरून वाद झाला की ती काढतात आणि बहुतेक वेळा वाद तिथे मिटतो. तीत लिहिलेलं सगळं ज्ञान नानांचं आणि त्या पाटकऱ्यांचं आहे. त्यांना ते विचारावं एवढं शहाणपण मला आलं, ते वादी शाबमुळे.